खापरं उचलायच्या आधी

मी खोदकामाच्या साइटवर बसून खापरं धुतेय हे आईनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन मिनिटं ती काही बोललीच नाही. सांगलीहून एसटीनं डबा घेऊन आली होती बिचारी, लेक काय मोठं संशोधन करतेय ते बघायला, आणि लेक बसलेली उकिडवी, हातात जुना टूथब्रश, शेजारी चार बायका, सगळ्यांच्या पुढ्यात चिखलाच्या पाण्यानं भरलेली घमेली. मग म्हणाली, "एवढं एमए केलंस आणि शेवटी लोकांची फुटकी भांडीच घासायला आलीस होय? घरात स्वतःचं ताट कधी उचलून मोरीत ठेवलं नाहीस." बायका जी हसायला लागल्या ती थांबेचनात, आणि त्या दिवसापासून मी भांडीवाली मॅडम झाले ती आजतागायत.

तर हे भांडी घासण्याबद्दलच आहे. म्हणजे घासण्याच्या आधीचं जे असतं त्याबद्दल, कारण तिथंच मी एक घोळ घातलाय आणि तो निस्तरण्यातला नाही. गाव कुठलं, खोदकाम कुठल्या संस्थेचं ते सांगत नाही, रिपोर्ट यायचाय अजून आणि मला पुढंही काम मिळायला हवंय. कृष्णेकाठ, सांगली जिल्हा, चारी बाजूंनी ऊस आणि मधे पांढरीचं टेकाड, एवढं पुरे.

पांढरी म्हणजे काय ते शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, गोठे झाले, मातीच्या भिंती पडल्या आणि त्यांच्यावरच नव्या उभ्या राहिल्या की तिथली माती राखट, भुरकट होत जाते आणि जागा उंच होत जाते. आम्ही नकाशे, सर्व्हे, जीपीएस असलं सगळं घेऊन जातो आणि गावातली म्हातारी माणसं पहिल्या चहालाच सांगतात, जुनं गाव तिकडं होतं, पांढरीत. हीच माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, घालायला चांगली म्हणून पूर्वी लोक बैलगाड्या भरून न्यायचे, त्यामुळे आमचं टेकाड निम्मं गेलेलंच होतं. दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं कुणाच्या तरी माळवदात बसलीयत, त्यावर आता पत्रा आहे आणि पत्र्यावर डिश अँटेना.

ज्यांच्या जमिनीत आम्ही खणत होतो ते तात्या रोज संध्याकाळी येऊन बॉकवर बसायचे. बॉक म्हणजे दोन ट्रेंचच्या, आखून खणलेल्या चौकोनांच्या, मधे जी मातीची भिंत राखून ठेवतात ती, तिच्या उभ्या बाजूवर थर वाचायचे असतात म्हणून तिच्यावर बसायचंच नसतं, पण जमीन त्यांची, सांगणार कोण. रोज तोच प्रश्न. हंडा घावला का? नाही तात्या. सोन्याचा न्हाई तर न्हाई, तांब्याचा तरी? नाही, खापरं सापडली. "खापरं हुय, ती तर माझ्या बांधावर ढीगभर हायत की, न्या फुकट."

आणि बांधावर खरंच होती. नांगराला लागून वर आलेली, मुलांनी पाण्यात भाकऱ्या करायला फेकलेली, लाल, काळी, नक्षीची सुद्धा. ती आम्ही गोळा केलीही, पण ती खणायच्या आधीची गोष्ट, टेकाडात काय आहे याचा अंदाज घ्यायला तेवढी चालतात. बांधावरच्या खापराला पत्ता नसतो. कुठल्या थरातलं, कशाच्या वर, कशाच्या खाली, शेजारी कोण होतं, ते गेलं की उरतं फक्त भाजलेल्या मातीचं ढेकूळ. आमची सगळी धडपड असते ती त्या पत्त्यासाठी.

खापरांचं एवढं कौतुक का, तर मडकं फुटतं फार लवकर आणि तुकडा कुजत मात्र नाही. लाकूड जातं, कापड जातं, लोखंड गंजून फुगतं, तांबंपितळ वितळवून परत वापरलं जातं, खापर तसंच राहतं कारण ते कुणालाच नको असतं. आणि घडण बदलत राहते, कडेची वळणं, बूड, रंग, त्यामुळे थरांचं वय त्यावरून लावता येतं. पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं १८९० ला पॅलेस्टाइनमधल्या तेल अल-हेसीला हे करून दाखवलं. आपल्याकडं पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख व्हीलर यांनी १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला इटलीतून आलेल्या भांड्यांच्या तुकड्यांवरून तिथले थर इसवी सनाच्या पहिल्या शतकातले ठरवले आणि त्यामुळे त्याच थरातल्या आपल्या साध्या स्थानिक भांड्यांनाही वय मिळालं. आमच्या शेजारचं उदाहरण म्हणजे कोल्हापूरचं ब्रह्मपुरी. तिथली पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, ती छोटी मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये सगळे बघतात, सेल्फी काढतात, पण सांकलिया आणि दीक्षितांनी १९४५-४६ ला तिथं जे खोदकाम केलं त्याचा १९५२ चा रिपोर्ट उघडलात तर पानामागून पान खापरं आहेत. मी पहिल्या वर्षाला तो रिपोर्ट वाचताना झोपले होते हे कबूल करते. आता तोच उशाशी असतो.

(मराठीत खापराला मान तसा कमीच. चूक झाली की खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचं, माणूस गेला की मडकं फोडायचं. एक खापरपणजोबा तेवढा मानाचा.)

आता खड्डा नंबर सात.

पाच बाय पाच मीटरचा ट्रेंच माझ्याकडं होता, पहिल्यांदाच स्वतंत्र, त्यामुळे मी जरा हवेतच होते. तिसरा थर खरवडून झाला, पाण्याचा फवारा मारला, ट्रॉवेलनं हलक्या हातानं साफ केलं आणि सकाळच्या तिरक्या उन्हात बघितलं तर ईशान्येच्या कोपऱ्यात गोल डाग. बाजूच्या मातीपेक्षा काळपट, साधारण सव्वा मीटर रुंद, आणि त्यात खापरांच्या कडा डोकं वर काढून बसलेल्या. एक दोन नाही, खचाखच. सर वाकून म्हणाले, पिट. आमच्या ट्रेंचमधला सातवा.

खड्डा म्हटलं की लोकांना वाटतं कचरा. बऱ्याचदा असतोही. पण आपल्या सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको, हरिपूरची हळदीची पेवं माहीतच असतात, जमिनीत खोल खड्डा काढून त्यात माल साठवायचा ही पद्धत जुनी आहे. पेव निकामी झालं की मग त्यात घरचा कचरा पडतो, म्हणजे एकाच खड्ड्याची दोन आयुष्यं असतात. आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढं पंधराएक वर्षं खणलं, तिथं घरांच्या जमिनीखाली खड्ड्यात दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली सापडली. त्यात लहान मुलांचं दफन होतं. तिथं कुणी घाईनं वरचं मडकं फुटकं म्हणून पाटीत टाकलं असतं तर? म्हणून खड्ड्याला घाई करायची नसते, हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्क पण मिळाले होते.

पद्धत सोपी आहे. मधोमध सुतळी बांधायची, सुतळीच्या एका अंगाचं तेवढं काढायचं आणि दुसरं अंग उभं ठेवायचं. मग ती उभी बाजू कापलेल्या अळूवडीसारखी दिसते, कुठला पदर कुठल्या पदरावर आलाय ते डोळ्यांनी कळतं. ती ग्राफपेपरवर काढायची, फोटो घ्यायचा आणि मगच उरलेलं अर्धं, आता पदर माहीत झालेत म्हणून एकेक पदर वेगळा, वेगळ्या पिशवीत.

आणि मी काय केलं, तर सुतळीच बांधली नाही.

बुधवार होता. शुक्रवारी मोठे पाहुणे येणार होते, सरांनी सांगितलं होतं की पिट सात तोपर्यंत रिकामा होऊन त्याचा फोटो झाला पाहिजे. त्यांनी सेक्शन, म्हणजे ती उभी बाजू, काढू नका असं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे खापर त्यांच्या डोक्यावर फोडता येत नाही, ते माझंच. मला वाटलं वरची खापरं तर मोकळीच पडलीयत, हाताला लागतायत, सगळीकडं एकसारखी दिसतायत, तेवढी काढून घेऊ आणि मग खाली माती लागली की व्यवस्थित सुरू करू. दोन तासांत दोन पाट्या भरल्या. वरून एक फोटो तेवढा काढला होता, तोही दुपारी बाराच्या उन्हातला, सावल्या नसलेला, म्हणजे काढला काय आणि नाही काय. चिठ्ठी लिहिली: साइटची तीन अक्षरं, वर्ष, ट्रेंच, पिट ७, खोली ० ते २५ सेंटिमीटर, तारीख, सही. दोन प्रती, एक आत छोट्या प्लास्टिक पिशवीत (ओल्या खापरांनी कागद कुजतो आणि गोडाऊनमधले उंदीर तर शाईसकट खातात), एक बाहेर सुतळीला. चिठ्ठी अगदी नमुनेदार होती. फक्त तिच्यात खोटं लिहिलं होतं, की हे सगळं एकच आहे.

थांबवलं ते आक्कांनी. आक्का आमच्या ट्रेंचवर कामाला होत्या, साठीच्या पुढच्या, माहेर कुंभाराचं. वडील रांजण करायचे, संक्रांतीला सुगडं, त्यामुळे खापराची पारख आमच्यापेक्षा त्यांना जास्त. तुकडा बोटावर तोलून नखानं टिचकी मारायच्या, टण्ण वाजला की भाजणी चांगली, भद्द वाजला की आव्याच्या, भट्टीच्या, कडेला राहिलेलं. आतल्या बाजूचे खळगे दाखवून म्हणायच्या, इथं आतनं दगडाचा गोळा धरलाय आन भायरनं फळीनं थोपटलंय. बुडावरची गोल गोल वळणं दाखवायच्या, फिरत्या चाकावरनं दोऱ्यानं कापलंय. काळं-लाल भांडं, आतून आणि तोंडापाशी काळं, बाहेरून लाल, ते पालथं घालून भाजत असावेत असं आमच्या पुस्तकात आहे, हवा लागली नाही तो भाग काळा. आक्का म्हणाल्या, असावेत कशाला, तसंच भाजत्यात.

तर आक्का तिसरी पाटी पुढं घेऊन बसल्या होत्या आणि हात थांबवून म्हणाल्या, "म्याडम, वरची आन खालची एक न्हाईत बरं का."

मी म्हटलं, कशी?

"वरची धुतल्यावाणी हायत. खालच्यांना चुलीची राख हाय. आन मधी ही बघा."

बोट लावून दाखवलं त्यांनी. खड्ड्याच्या कडेला, जिथं माझा हात पोचला नव्हता तिथं एक पाचर शिल्लक होती, बोटभर जाडीची, फिकट, पिठासारखी मऊ, एक खडा नाही त्यात. खाली राखट काळी माती आणि तिच्यात खापरं. वर पुन्हा खापरं, म्हणजे होती, आता ती पाटीत होती.

"ही पुराची माती," आक्का म्हणाल्या. "पूर उतरला की चुलीत आसाच थर बसतोय."

मी तिथं खड्ड्याच्या काठावर बसूनच राहिले. पोटात गोळा येणे म्हणतात ना, तो प्रत्यक्ष कुठं येतो ते कळलं. सर आले, बघितलं, ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले पुराचा असेल किंवा पावसाचं पाणी खड्ड्यात साचूनही असा गाळ बसतो, सॅम्पल घे, पाचर आहे तेवढीच ड्रॉ कर, आणि शुक्रवारचं विसर.

उरलेला खड्डा मग आम्ही चार दिवस केला. दर दहा सेंटिमीटरला दोऱ्या ताणून चौकोन, एकास दहा या प्रमाणात नकाशा, प्रत्येक मोठ्या तुकड्याला नंबर, डम्पी लेव्हल लावून उंची, आणि प्रत्येकाच्या पुढं एक अक्षर, उ किंवा पा. उताणं का पालथं. हे मी आधी कधी मनापासून केलं नव्हतं, पण त्यातून काय काय दिसतं बघा. खड्ड्यात भिरकावलेली खापरं कशीही पडतात, उताणी पालथी तिरकी, आणि उतारावरून घरंगळून तळाला जमतात. जे मडकं जागेवर ठेवलेलं असतं आणि वरच्या मातीच्या वजनानं चेपतं त्याचे तुकडे एकमेकांच्या कुशीत बसलेले असतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. आमच्या खालच्या राखेत एक असं होतं. कुणीतरी अख्खं मडकं तिथं ठेवलं होतं. बाकी सगळा उकिरडा आणि मधे एक न फेकलेलं भांडं. रिकामंच होतं, आतली माती चाळली, काही नव्हतं.

पॉटरी यार्ड म्हणजे काय तर शाळेच्या मागचं पटांगण. तिथं चुन्याच्या रेघा मारून चौकोन आखलेले, एका चौकोनात एका थराची खापरं, सावलीत वाळत घातलेली. वाळली की प्रत्येकावर आतल्या अंगाला काळ्या शाईनं बारीक अक्षरात पत्ता लिहायचा आणि वरून नेलपॉलिशचा पारदर्शक हात (गावातल्या दुकानदाराला अजून कळलेलं नाही की सर दर आठवड्याला चार बाटल्या नेलपॉलिश का नेतात). मग निवडायचं, कडा वेगळ्या, बुडं वेगळी, पोटाचे तुकडे वेगळे, जाड, बारीक, लेप दिलेलं, न दिलेलं. मोजायचं आणि वजनही करायचं. फक्त मोजून भागत नाही कारण एक रांजण फुटला तर दोनशे तुकडे होतात आणि एक लोटी फुटली तर सहा, म्हणजे नुसत्या आकड्यावरून वाटेल गावात सगळीकडं रांजणच रांजण होते. वजनानंही तेच होतं, रांजणाचा एक तुकडा पाव किलो. म्हणून कडा बघायच्या. कडेचा तुकडा गोल रेघांच्या तक्त्यावर उभा धरून बसवायचा, त्यावरून तोंडाचा व्यास मिळतो आणि आपल्याकडं त्या तोंडाचा किती टक्के भाग आहे तेही, आणि अशा टक्क्यांची बेरीज करून भांडी किती असतील याचा अंदाज बांधायचा. पाच टक्क्यांपेक्षा लहान कड असेल तर व्यासावर विश्वास ठेवायचा नाही, तुकडा जरा हलवला की तो दोन वेगवेगळ्या रेघांवर तितकाच छान बसतो. मग चित्र, अर्ध्या बाजूला छेद आणि अर्ध्या बाजूला बाहेरचं अंग, सूर्य मावळेपर्यंत. एका दिवसात वीस झाली तर मी स्वतःला चहा पाजायचे.

सांधे जुळवणं हे खरं व्यसन. नियम असा नाही की रोज करा, पण रिकामा वेळ मिळाला की हात तिकडं जातातच. दोन तुकड्यांच्या फुटलेल्या कडा बरोबर जुळल्या की बोटाला कळतं, डोळ्यांच्या आधी, काहीतरी खट्टकन बसतं आणि मग हलत नाही. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी खालच्या राखेतल्या एका रुंद तोंडाच्या स्वयंपाकाच्या भांड्याचं, बुडाला चांगली जाड काजळी असलेलं, अर्धं अंग आम्ही जोडून वाळूच्या घमेल्यात उभं केलं होतं. कडेला एक त्रिकोणी फट राहिली होती. आक्का उठल्या, चार चौकोन ओलांडून गेल्या आणि एक तुकडा आणून त्या फटीत ठेवला. खट्ट.

मी तो उलटा करून पत्ता वाचला. माझंच अक्षर. पिट ७, ० ते २५.

म्हणजे गाळाच्या वरचा तुकडा आणि गाळाच्या खालचं भांडं, एकच. आता हे कसं झालं? एक शक्यता, भांडं आधीच फुटलेलं, निम्मं खड्ड्यात गेलं, निम्मं बाहेर उकिरड्यावर पडून राहिलं, पूर आला, गाळ बसला आणि नंतर कुणीतरी बाहेरचं सगळं ओढून खड्डा बुजवला. दुसरी, गाळानंतर कुणीतरी खड्डा परत उकरला, खालचे काही तुकडे वर आले आणि वरच टाकले गेले. तिसरी, उंदीर, घुशी, त्यांनी बिळातून एखादा तुकडा वर नेला. आणि चौथी, तो तुकडा मुळात खड्ड्याच्या अगदी कडेला गाळाच्या खालीच होता आणि बुधवारी दुपारी माझ्याच हातानं वरच्या पाटीत पडला. तो तुकडा नक्की कुठं होता, कडेला का मधे, गाळाला टेकून का वीतभर वर, उताणा का पालथा, हे माहीत असतं तर चारातल्या तीन लगेच कटाप झाल्या असत्या. पण माझ्या चिठ्ठीत ० ते २५.

त्या रात्री झोप नाही. आणि मला आठवलं २०१९.

आमचं घर सांगलीत गावभागात. त्या ऑगस्टला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आम्ही आधीच निघालो होतो, दहाएक दिवसांनी परत आलो तेव्हा घरात घोट्याएवढा गाळ, आणि तो वास, तो ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. मग सगळ्या गल्लीनं जे केलं तेच आम्ही केलं, सामान ओढून दारात टाकलं. आधी दारापाशी होतं ते, चपलांचं कपाट, सोफा. मग मधल्या खोलीतल्या गाद्या, पुस्तकं, माझी सगळी पुस्तकं. स्वयंपाकघर मागं, त्यामुळे ते शेवटी, डबे, पिंप, आणि सगळ्यात वर आईच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, आजीच्या वेळच्या, तीनातल्या दोन फुटलेल्या. घर जसं होतं त्याच्या बरोब्बर उलटं ढिगात झालं होतं. मी तेव्हा बीएला होते आणि मला तो नुसता ढीग दिसत होता, जेसीबी आला आणि दोन खेपांत सगळं घेऊन गेला.

आईनं एका बरणीचा तुकडा मात्र काढून ठेवला होता, खिडकीत. बरेच दिवस तो तिथं होता, न धुता. आणि मला आता अंथरुणात पडल्या पडल्या तो तुकडा दिसायला लागला, त्याच्या फुटलेल्या कडेवर, जिथं पांढरं पीठ दिसायला पाहिजे तिथं, गाळ चिकटून वाळलेला होता. म्हणजे बरणी पाण्यातच फुटली, गाळ बसायच्या आधी. ढिगावर टाकताना फुटली असती तर कड कोरी असती.

सकाळी साडेसहाला मी यार्डात. वरची खापरं, सगळीच्या सगळी, स्वच्छ. टूथब्रशनं, कडांच्या फटीतून सुद्धा, मीच घासलेली. आईचं बरोबर होतं, जन्मात पहिल्यांदा भांडी घासली ती पण नको तेव्हा.

एक सोडून. प्रत्येक खड्ड्यातली दोन चार खापरं न धुता, हात न लावता, अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची असतात, भांड्यात काय शिजलं त्याचे अंश मातीत मुरलेले असतात ते लॅबमध्ये शोधता येतात म्हणून. प्लास्टिकमध्ये ठेवायचं नाही, प्लास्टिकचेच अंश त्यात उतरतात. बुधवारी घाईत मी ते एकच केलं होतं वरच्यातलं, एक बुडाचा तुकडा, काजळी होती म्हणून. सरांच्या समोर फॉइल उघडली, चिमट्यानं धरलं. काजळी खालच्या अंगाला. आणि फुटलेल्या कडेवर फिकट, मऊ, पिठासारखं.

एका बाजूला. दुसऱ्या बाजूची कड कोरी होती.

सर बराच वेळ भिंग लावून बघत होते. मग म्हणाले, म्हणजे हा एकदा गाळाच्या आधी फुटला आणि परत एकदा नंतर, आणि नंतरचा तडा कदाचित तुझ्या पाटीत पडताना गेलेला. एका तुकड्यावर काही लिहिता येत नाही पण लिहून ठेव. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: पिट ७, वरचा भाग, छेद न घेता एकत्र उचल, गाळाच्या थराशी संबंध निश्चित नाही, फॉइलमधला नमुना पाहावा. खाली सही. निळ्या पेननं, कारण काळं सापडत नव्हतं. रिपोर्टमध्ये ही ओळ राहील का माहीत नाही, मी राहू द्या म्हणून सांगितलंय.

पाहुणे शुक्रवारी आले, अर्धवट खड्डा बघून खूश झाले, त्यांना चेपलेलं मडकं फार आवडलं, त्याच्याबरोबर फोटो काढले. तात्यांनी त्यांनाही हंड्याबद्दल विचारलं.

पुढच्या आठवड्यात नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आठवा डाग लागला. मी छावणीवरून ग्राफपेपर आणायला गेले आणि परत आले तर खड्ड्याच्या मधोमध सुतळी ताणलेली, दोन्ही टोकांना खिळे, वर ओळंबा सुद्धा. आक्का शेजारी बसून तंबाखू मळत होत्या.

"ह्या अंगाला बसा," म्हणाल्या, "आन त्या अंगाला हात लावलासा तर बघा."